फांदीवरची खपली

नमस्कार श्रोतेहो. पावसात पडलेली फांदी उलटी केली की कधीकधी तिला चपटी खपली चिकटलेली दिसते. छत्री नाही, देठ नाही, नुसता थर. ही लाकूड कुजवणारी बुरशी, क्रस्ट फंगस.

गेल्या जुलैत गोरेगावला आमच्या सोसायटीत जांभळाची वाळकी फांदी पडली. माणसं ती न्यायला येण्याआधी मी खाली धावले. आपल्याकडे पडलेली फांदी दुपारच्या आत नाहीशी करतात. निदान एका कोपऱ्यात तिला कुजू द्यावं हो, केवढे जीव जगतात तिच्यावर! तर, खालच्या बाजूला तपकिरी खपली होती, कडेला फिकट. मी लगेच म्हटलं, स्टेरियम, म्हणजे अशीच खपली धरणारी एक बुरशी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या कपाटामागेही असलंच धरतं, त्यात काय बघतेस?"

चाकूनं नखाएवढा तुकडा काढला, भिंगाखाली धरला. स्टेरियमचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. इथे तर बारीक तपकिरी खुंट उभे होते! भिंग काकूंना दिलं. त्या वाकून बघत राहिल्या. "अगबाई, ही तर खुरटी दाढी!"

घरी येऊन हातमोजे घातले आणि तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला. तपकिरी भाग काळा झाला आणि काळाच राहिला. मग ब्लेडनं पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. जाड भिंतींचे, भाल्यासारखे टोकदार, तपकिरी काटे! त्यांना सीटा म्हणतात. स्टेरियमला ते नसतात. माझी खपली हायमेनोकीटी या दुसऱ्याच बुरशीची निघाली; थेंबानं काळं पडणं आणि हे काटे, या तिच्याच खुणा.

म्हणून पुन्हा सांगते, आधी भिंग, मग थेंब, मग मायक्रोस्कोप. भिंग, थेंब, मायक्रोस्कोप. नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून नाव देऊ नका. स्टेरियमचे बीजाणू आयोडीनच्या मेल्झर द्रावणात निळसर होतात, हायमेनोकीटीचे होत नाहीत. आणि नेमकी जात सांगायची तर बीजाणू मोजावे लागतात, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा १००० वा भाग.

तुकडा नीट वाळवून कागदी पाकिटात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्यावर दुसरीच बुरशी चढते. पाकिटावर झाड, जागा आणि तारीख लिहा. माझ्या पाकिटावर 'जांभूळ, गोरेगाव, जुलै' आहे, आणि त्याखाली काकूंच्या अक्षरात 'खुरटी दाढी'.