समुद्राखालच्या कोळशावर उभं राहिलेलं गाव

नमस्कार, श्रोतेहो. स्कॉटलंडमध्ये फाइफ परगण्यात, फोर्थच्या खाडीकाठी कलरॉस नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथली माणसं त्याला ‘कूरस’ म्हणतात. दगडी फरसबंदीच्या चढणीच्या गल्ल्या, पांढरी घरं, लाल कौलं. पाहुणे येतात, फोटो काढतात, जातात. पण हे गाव समजून घ्यायचं तर घरांच्या आधी पाण्याखाली जायला हवं.

इथला कोळसा आधी मठाच्या ताब्यात होता. हा मठ 1217 साली स्थापन झालेला. पुढे 1575 मध्ये जॉर्ज ब्रूस या व्यापाऱ्याने खाण चालवायला घेतली आणि एक धाडस केलं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागी गोल दगडी भिंत बांधून त्याने थेट खाडीतच विहीर खोदली. आत झिरपणारं पाणी उपसायला होतं रहाटगाडगं! लोखंडी साखळीला 36 पोहरे. अठरा भरून वर येणार, अठरा रिकामे खाली जाणार, आणि ते फिरवायला तीन घोडे. कोळसा तिथूनच जहाजात भरायचा.

1617 मध्ये राजा सहावा जेम्स ही खाण बघायला आला. किनाऱ्यावरून आत उतरला, भुयारातून चालत गेला आणि वर येऊन बघतो तर चहूकडे पाणी! ‘दगा, दगा!’ म्हणून तो ओरडला, असं सांगतात. ब्रूसने मग त्याला शांतपणे बांधलेली नाव दाखवली म्हणे. गोष्ट थोडी फुगवलेली असेल, पण ऐकायला झकास आहे.

बारीक कोळसा जाळून मोठ्या कढयांत खाडीचं पाणी आटवायचं आणि मीठ काढायचं, हा इथला दुसरा धंदा. आपल्या मिठागरांत हे काम ऊन फुकटात करतं. तिथे ऊन कुठलं! या मिठावर आणि कोळशावर ब्रूसचं पिवळंधमक घर उभं राहिलं, 1597 ते 1611 या काळात. त्याला पॅलेस म्हणतात, पण ते व्यापाऱ्याचंच घर. काच महाग, म्हणून खिडकीच्या वरच्या भागात काच आणि खाली लाकडी झडपा. आत छतांच्या लाकडी फळ्यांवर रंगीत चित्रं आहेत. गावातली लाल कौलंही व्यापारातूनच आली. माल उतरवून परतणारी जहाजं डोलू नयेत म्हणून तळाशी भार लागायचा. हॉलंडकडून येताना तो कौलांचा असायचा.

या वैभवाची दुसरी बाजू मला जास्त टोचते. 1606 च्या कायद्याने स्कॉटलंडमधले खाणकामगार आणि मीठ काढणारे मालकाला बांधले गेले. परवानगीशिवाय काम सोडता येत नसे. ते पुरते सुटले 1799 मध्ये. मठाच्या चर्चमध्ये ब्रूस कुटुंबाची संगमरवरासारख्या दगडात कोरलेली शिल्पं आहेत. त्या मजुरांची नावं मात्र कुठेच नाहीत.

1625 च्या वादळात खाण बुडाली आणि त्याच वर्षी ब्रूसही वारला. पुढे गाव हळूहळू उतरणीला लागलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं टिकलं. 1932 मध्ये स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने तो पॅलेस विकत घेतला, 700 पौंडांना. पुढे गावातली इतर घरंही घेऊन दुरुस्त केली. त्यांतल्या बऱ्याच घरांत आज लोक राहतात.