फ्लेस्किएरचा चढ

पहिले महायुद्ध, 20 नोव्हेंबर 1917, सकाळचे 6 वाजून 20 मिनिटे. उत्तर फ्रान्समधील काँब्रे शहराच्या नैऋत्येस सुमारे एक हजार ब्रिटिश तोफा एकाच वेळी धडाडल्या आणि पहाटेच्या धुक्यातून 378 लढाऊ रणगाडे जर्मनांच्या हिंडेनबर्ग तटबंदीच्या दिशेने निघाले. हल्ल्यापूर्वी दिवसेंदिवस तोफमारा करण्याची त्या काळची रीत या वेळी जाणूनबुजून सोडून देण्यात आली होती, कारण त्या माऱ्याने शत्रू सावध होई आणि जमिनीचा चिखल होऊन रणगाडे रुतत.

योजना साधी होती. रणगाड्याने काटेरी तारांचे जाळे चिरडून वाट करायची, टपावर लादलेली झाडाच्या फाट्यांची भलीमोठी मोळी खंदकात टाकून तो ओलांडायचा, आणि पायदळाने मागोमाग येऊन खंदकातील शत्रूचा निकाल लावायचा. तिची सारी भिस्त या ‘मागोमाग’ शब्दावर होती. पायदळाखेरीज रणगाड्याला जिंकलेली जमीन राखता येत नव्हती, आणि रणगाड्याखेरीज पायदळाला तारेपलीकडे पाऊल टाकता येत नव्हते.

‘मार्क फोर’ जातीच्या या रणगाड्यात आठ माणसे असत. इंजिन त्यांच्या मधोमध, उघड्यावरच होते. त्याच्या उष्णतेने आणि धुराने जीव गुदमरे, आणि आवाज एवढा असे की शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागत. गाडी नुसती वळवायची तरी चार जणांचे हात लागत. वेग जेमतेम चालत्या माणसाएवढा, आणि तोही सपाट जमिनीवर.

बहुतेक आघाडीवर ही जोडी जमली आणि तटबंदी काही तासांत फुटली. मध्यभागी उंचवट्यावर वसलेले फ्लेस्किएर हे गाव मात्र अडून राहिले. तेथे चढाई करणाऱ्या 51 व्या हायलँड डिव्हिजनचे सेनापती जॉर्ज हार्पर यांनी आपल्या पायदळाला रणगाड्यांपासून अधिक अंतर ठेवून चालण्याचा आदेश दिला होता. रणगाडे तोफगोळ्यांना आमंत्रण देतात आणि त्यांच्या जवळचे सैनिक हकनाक मरतात, ही त्यांची भीती निराधार नव्हती. पण त्या अंतरामुळे रणगाड्यांनी तारेत पाडलेल्या वाटा मागून येणाऱ्यांना वेळेत सापडल्या नाहीत, आणि तोवर जर्मन मशीनगन पुन्हा सुरू झाल्या.

पुढे गेलेले रणगाडे चढाच्या माथ्यावर पोहोचले, आणि तेथेच घात झाला. पलीकडच्या उतारावर जर्मन मैदानी तोफा दबा धरून बसल्या होत्या. त्या भागातील 54 व्या जर्मन डिव्हिजनच्या तोफखान्याला हलत्या रणगाड्यांवर थेट नेम धरण्याचा सराव दिलेला होता. माथ्यावर डोकावणारा प्रत्येक रणगाडा क्षणभर आभाळाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसे, आणि तेवढा क्षण त्या तोफांना पुरत असे. एकट्या फ्लेस्किएरसमोर पंचवीसहून अधिक रणगाडे निकामी झाले. एकाच जर्मन अधिकाऱ्याने एकट्याने तोफ चालवून हा संहार केला, ही कथा ब्रिटिश सरसेनापती हेग यांच्या अधिकृत वृत्तांतातूनच पसरली. प्रत्यक्षात ते अनेक तोफांचे आणि अनेक हातांचे काम होते. अपयशाचा सगळा भार हार्पर यांच्या माथी मारणेही मला न्याय्य वाटत नाही, कारण पायदळ खेटून चालले असते तरी माथ्यापलीकडच्या त्या तोफा तेथे असत्याच.

तरीही एक रणगाडा गावात शिरला. त्याचे नाव डेबोरा, क्रमांक डी 51, आणि प्रमुख सेकंड लेफ्टनंट फ्रँक हीप. घरांमधून वाट काढत तो गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, पण गाव ताब्यात घेऊ शकेल एवढे पायदळ त्याच्या पाठीशी नव्हते. तेथे तोफगोळ्यांनी त्याचे पोलाद फाडले आणि आतील पाच जण ठार झाले. हीप वाचलेल्या साथीदारांना घेऊन आपल्या रेषेपर्यंत परतले. या कामगिरीसाठी त्यांना मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

मेजर क्रेब्स यांच्या नेतृत्वाखाली गाव लढवणारे जर्मन रात्रीच्या अंधारात आपणहून मागे सरले, आणि 21 तारखेच्या सकाळी हायलँडर सैनिक जवळजवळ रिकाम्या फ्लेस्किएरमध्ये शिरले. पण वाया गेलेला तो एक दिवस भरून निघाला नाही. 23 नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये विजयाच्या घंटा वाजल्या, आणि 30 नोव्हेंबरला जर्मनांनी प्रतिहल्ला करून जिंकलेला बराच मुलूख परत घेतला.

डेबोरा गावाच्या कडेला जमिनीत पुरला गेला. फिलिप गोर्झिन्स्की या स्थानिक संशोधकाने अनेक वर्षे त्याचा माग काढला. गावातील एका वृद्ध स्त्रीला लहानपणी रणगाडा खड्ड्यात ढकलताना पाहिल्याचे आठवत होते, तो धागा हाती आला, आणि नोव्हेंबर 1998 मध्ये ते गंजलेले धूड मातीतून वर काढण्यात आले. 2017 पासून ते फ्लेस्किएरच्या संग्रहालयात आहे. संग्रहालयाला लागूनच ब्रिटिश दफनभूमी आहे, आणि डेबोरामध्ये मरण पावलेल्या त्या पाच जणांच्या कबरी तेथेच आहेत.