अस्वलाच्या खांद्यावर परशू

श्रोतेहो, नमस्कार.

आत्ता माझ्यासमोर टेबलावर एक हजार रुबलची रशियन नोट आहे. रेडिओवर ती दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. रंग हिरवट निळा. एका बाजूला दाढीवाल्या राजाचा पुतळा, आणि त्याच बाजूला एक छोटंसं अस्वल. मागच्या दोन पायांवर माणसासारखं उभं, आणि खांद्यावर परशू. नोट जरा कलती केली की अस्वलाच्या अंगावरून चमकदार पट्टा सरकतो. खरी नोट ओळखायची ही एक खूण.

हे अस्वल यारोस्लाव्ल शहराचं. मॉस्कोपासून ईशान्येला साधारण अडीचशे किलोमीटरवर, व्होल्गा आणि कोतोरोस्ल या नद्यांच्या संगमावर ते वसलंय. जुन्या रशियन शहरांना असं ढालीवरचं चिन्ह असतं. तिकडे त्याला ‘गेर्ब’ म्हणतात, आपण नगरचिन्ह म्हणू. हे अस्वल इथं आलं कुठून, असं त्या शहरात कुणालाही विचारा, गोष्ट तयार असते. आधी ती गोष्टच ऐका.

अकराव्या शतकाची सुरुवात. पुढे कीव्हच्या गादीवर बसून ‘शहाणा’ म्हणून नाव कमावलेला यारोस्लाव तेव्हा रोस्तोव्हचा राजपुत्र होता. त्याच्या मुलखात या संगमावर दाट जंगलात एक वस्ती होती. नाव मेद्वेझी उगोल, म्हणजे अस्वलाचा कोपरा. आजही रशियन माणूस एखाद्या आडबाजूच्या, कुणी वाट वाकडी करून जात नाही अशा गावाला हेच दोन शब्द वापरतो. तिथले लोक वेलेस नावाच्या गुराढोरांच्या देवाला भजायचे. देवाची मूर्ती, तिच्यापुढे पेटता अग्नी आणि त्या सगळ्यावर हुकमत चालवणारा एक भगत. आणि जोडधंदा म्हणून व्होल्गावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नावा लुटणं.

तक्रारी राजपुत्राच्या कानावर गेल्या. तो सैन्य घेऊन आला, लुटारूंना वठणीवर आणलं. लोकांनी वेलेसची शपथ घेऊन खंडणी कबूल केली, पण ख्रिस्ती व्हायला साफ नकार दिला. काही काळानं यारोस्लाव परत आला. या वेळी बरोबर पाद्री होते, सुतार-गवंडी होते. वस्तीत पाऊल टाकतो न टाकतो तोच लोकांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि एक हिंस्र जनावर आणि शिकारी कुत्री त्याच्या अंगावर सोडली. राजपुत्रानं परशूच्या घावानं ते जनावर जागीच लोळवलं. कुत्री कोकरांसारखी गप्प उभी राहिली. लोक पाया पडले. तो दिवस होता २० जुलै, प्रेषित इलियाचा सण. म्हणून त्यानं तिथं इलियाचं लाकडी देऊळ उभारलं, शेजारी शहर वसवलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. शहराच्या मधल्या चौकात आज इलियाचं दगडविटांचं चर्च आहे. ते १६५० मध्ये पुरं झालं, आणि आतल्या भिंती १६८० मध्ये गुरी निकितिन आणि सिला साविन यांच्या मंडळींनी नखाएवढीही जागा न सोडता रंगवून काढल्या.

गोष्ट झकास आहे. पण मला पहिल्यापासून एक गोष्ट खुपत आलीय. परशू राजपुत्राच्या हातात होता ना? अस्वल त्याच परशूनं मेलं ना? मग चिन्हावर अस्वल धडधाकट उभं कसं, आणि परशू त्याच्याकडे कसा? मारणारा गायब, आणि मेलेलं जनावर मारेकऱ्याचं हत्यार खांद्यावर टाकून शहराची राखण करतंय!

ही कहाणी आपल्यापर्यंत आली ती अठराव्या शतकातल्या धर्मगुरूंच्या नोंदींतून, आणि ती छापली गेली १८७७ मध्ये. म्हणजे घटनेनंतर साधारण साडेआठशे वर्षांनी. शिवाय त्या मजकुरात ‘अस्वल’ हा शब्दच नाही. तिथं आहे ‘ल्यूत झ्वेर’, कुणीतरी एक क्रूर पशू. त्याचं अस्वल केलं वाचणाऱ्यांनी, कारण चिन्हावर अस्वल आधीच होतं.

त्यात यारोस्लाव लंगडा होता. जुन्या रशियन बखरीत १०१६ सालची हकिगत आहे. नीपर नदीच्या दोन काठांवर दोन भावांची सैन्यं तीन महिने समोरासमोर बसून होती. पलीकडचा सेनापती यारोस्लावच्या नोव्हगोरोदी शिपायांना चिडवायचा, की या लंगड्याच्या मागे कशाला आलात? तुम्ही तर सुतार, तुम्हाला आमची घरं बांधायला लावू. १९३९ मध्ये कीव्हच्या सेंट सोफियामधली त्याची शवपेटी उघडून हाडं तपासली, तेव्हा पायाचा दोष खरा निघाला. लंगड्या माणसानं अस्वल मारूच नये असं नाही. पण मला त्या गोष्टीतल्या परशूपेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या सुतारांच्या कुऱ्हाडी जास्त खऱ्या वाटतात. जंगल तोडून लाकडी कोट उभारला, शहर झालं ते त्या कुऱ्हाडींनी.

आता चिन्हाकडे. झार ‘भयंकर’ इव्हाननं १५७० च्या दशकाच्या शेवटी एक मोठी राजमुद्रा करवली. मध्ये दोन डोक्यांचा गरुड आणि भोवती त्याच्या मुलखांच्या चोवीस छोट्या मुद्रा. त्यात यारोस्लाव्लची शोधली तर काय सापडतं? मासा! साधा मासा. व्होल्गाकाठच्या गावाला शोभणारा. अस्वलही त्या मुद्रेवर आहे, पण ते त्वेर या दुसऱ्याच शहराच्या नावावर.

त्वेर म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरपर्यंत आलेला, आणि जुन्नरच्या खानानं ज्याचा घोडा काढून घेतला, तो अफानासी निकितिन त्वेरचाच व्यापारी. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तो घरून निघाला तो व्होल्गानंच, उग्लिचवरून कोस्त्रोमाला गेला, आणि यारोस्लाव्ल या दोहोंच्या मधे पडतं. चौलच्या वाटेवर त्यानं हा संगम पाहिलाच असणार.

इव्हानच्या त्या मुद्रेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १६७२ मध्ये, झार अलेक्सेईच्या परराष्ट्र खात्यानं ‘तित्युल्यारनिक’ नावाचा सचित्र ग्रंथ तयार केला. परदेशच्या राजांना पत्र लिहिताना कुणाला कोणती बिरुदं लावायची याची ती चोपडी. तिच्यात झारच्या मुलखांची ३३ चिन्हं रंगवली आहेत. इथं त्वेरच्या वाट्याला सिंहासन आलं आणि अस्वल आलं यारोस्लाव्लकडे. बदल कुणी केला, का केला, याबद्दल चित्रकार काही बोलत नाहीत. बहुधा ‘अस्वलाचा कोपरा’ हे जुनं नाव कुणाच्या तरी डोक्यात असावं. आणि या चित्रात परशू नाहीच. अस्वलाच्या खांद्यावर आहे रुंद पात्याचा भाला, पहारेकऱ्यांचा असतो तसा. १६९२ मध्ये यारोस्लाव्लच्या कचेरीसाठी मुद्रा करण्याचा हुकूम निघाला, तिच्यावरही भालाच. परशू पक्का झाला तो १७७८ मध्ये, सम्राज्ञी कॅथरीन दुसरीनं मंजूर केलेल्या चिन्हात. रुपेरी ढाल, उभं अस्वल, डाव्या पंजात सोन्याचा परशू.

थोडक्यात, मासा आधी, मग अस्वल, मग भाला, मग परशू. आणि परशूची ती गोष्टही साधारण परशूच्याच काळात लिहिली गेलेली. माझं मत विचाराल तर चिन्ह गोष्टीतून निघालेलं नाही, चिन्हाकडे बघून गोष्ट भरीला आलीय.

पण म्हणून अस्वल खोटं, असं म्हणायला मी तयार नाही. कारण यारोस्लाव्लचं नाव बखरीत ज्या नोंदीत पहिल्यांदा येतं ना, तिच्यातच एक अस्वल आहे, आणि ते त्या दंतकथेतल्या अस्वलापेक्षा कितीतरी भयानक आहे. नोंद १०७१ सालाखाली आहे. रोस्तोव्हच्या मुलखात दुष्काळ पडला होता. यारोस्लाव्लहून दोन भगत निघाले आणि म्हणू लागले, धान्य कुणी दडवलंय ते आम्हाला ठाऊक आहे. व्होल्गाकाठच्या गावोगाव जायचे, खात्यापित्या घरच्या बायकांकडे बोट दाखवायचे. हिनं धान्य दडवलंय, हिनं मासे. मग बाईच्या खांद्यामागे चिरा देऊन आतून धान्य किंवा मासा काढल्याची हातचलाखी करायचे. असे कितीतरी जीव घेतले, त्यांची मालमत्ता हडपली. बेलोओझेरो गावाला पोचेतो तीनशे माणसं त्यांना येऊन मिळाली होती. तिथं राजाचा वसुली अधिकारी यान वीशातिच यानं त्यांना पकडलं, दाढ्या उपटवल्या, आणि मेलेल्या बायकांच्या नातेवाइकांच्या हवाली केलं. त्यांनी दोघांना मारून ओकच्या झाडाला टांगलं. आणि दुसऱ्या रात्री, बखरकार सांगतो, अस्वल झाडावर चढलं आणि दोघांना खाऊन गेलं.

दुष्काळ, चेटकाचा आळ, आणि शेवटी जंगलातून आलेलं अस्वल. इथं वीरबीर कुणी नाही.

आणखी मागे जायचं तर जमीन उकरावी लागते. शहराजवळ तिमेर्योवो इथं व्हायकिंग काळातली शेकडो थडगी आहेत, मातीचे उंचवटे. काहींत जळलेल्या अस्थींबरोबर मातीचे भाजलेले पंजे सापडले. हाताच्या तळव्यावर मावतील एवढे, बोटं कोरलेली. असेच पंजे स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या ओलान्द बेटांवरच्या थडग्यांत मिळतात. अस्वलाची पूजा इथं होती याचा हा भक्कम पुरावा म्हणून वर्षानुवर्षं दाखवला गेला. मग काही अभ्यासकांनी बोटं नीट पाहिली आणि म्हणाले, हा पंजा अस्वलाचा नाही, बीव्हरचा आहे. बीव्हर म्हणजे नदीत दात वापरून धरणं बांधणारा तो केसाळ प्राणी. वाद अजून मिटलेला नाही. उद्या बीव्हरवाले जिंकले तर चिन्हाचं काय करायचं, हा प्रश्न सुदैवानं नगरपालिकेपुढे नाही.

आणि अस्वलाचं रशियन नाव तर ऐकाच. ‘मेद्वेद’. रशियनमध्ये मध म्हणजे ‘म्योद’, आणि मेद्वेद म्हणजे मध खाणारा. संस्कृतातला ‘मध्वद’ शब्द शेजारी ठेवा, दोघांची नाळ एकच. पण गंमत पुढे आहे. संस्कृतात अस्वलाला ‘ऋक्ष’ हे फार जुनं नाव आहे. स्लाव्ह लोकांकडे त्याचंच भावंड असायला हवं होतं, पण ते उरलेलं नाही. भाषाशास्त्रज्ञांचा कयास असा, की नाव घेतलं तर जनावर येईल या भीतीनं जंगलातल्या माणसांनी ते उच्चारायचंच सोडलं. आपल्याकडे रात्रीच्या वेळी साप म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, तसं. खरं नाव विसरलं गेलं आणि उरला मध खाणारा.

आता राजदरबारी कागदांची बाजू जरा उरकतो. पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये चिन्हांसाठी वेगळं खातं काढलं आणि इटालियन सरदार सान्तीला त्या कामाला लावलं. या गृहस्थानं शहराशहरांना प्रश्नावली धाडली. गाव कधी वसलं, दगडी की लाकडी, तिथं कोणती जनावरं, जुनं चिन्ह आहे का? उत्तरं गोळा होत होती, तोवर १७२७ मध्ये सान्ती दरबारी राजकारणात सापडला आणि सायबेरियात रवाना झाला. काम पुढे इतरांनी रेटलं.

१७७८ मध्ये यारोस्लाव्लबरोबर त्या प्रांतातल्या बाकीच्या गावांचीही चिन्हं ठरली. रिबिन्स्कच्या ढालीत खाली नदीत दोन स्टर्लेट मासे, आणि वरून अर्धं अस्वल डोकावतंय, तालुक्याच्या गावात जिल्ह्याचा साहेब डोकावावा तसं. उग्लिचच्या ढालीवर १५९१ मध्ये तिथं मरण पावलेला आठ वर्षांचा राजपुत्र दिमित्री आणि सुरी. त्याच्या मृत्यूची घंटा वाजवून लोकांनी दंगल केली, म्हणून त्या घंटेची जीभ उपटून तिला सायबेरियात हद्दपार केलं होतं. तीनशे वर्षांनी, १८९२ मध्ये, ती परत आली. आणि मोलोगा. मोलोगाच्या ढालीतही एका भागात यारोस्लाव्लचं अस्वल होतं, बाकी भागांत निळ्या पार्श्वभूमीवर मातीचा तट. १९४१ मध्ये रिबिन्स्कचा जलाशय भरायला लागला आणि काही वर्षांत अख्खं मोलोगा पाण्याखाली गेलं. पाणी फार उतरलं की रस्त्यांच्या खुणा वर येतात. चिन्ह आहे, गाव नाही.

सोव्हिएत काळात झारच्या दरबारची ही चिन्हं कचेऱ्यांवरून उतरली. पण अस्वल कुठं स्वस्थ बसतंय! महायुद्धानंतर यारोस्लाव्लच्या कारखान्यातून अवजड ट्रक बाहेर पडू लागले, त्यांच्या बॉनेटच्या बाजूला धातूचं चकाकतं अस्वल असायचं. उत्पादन मिन्स्कला हलवल्यावर त्याच ट्रकवर बेलारूसचा रानगवा आला. १९९५ मध्ये नगरपालिकेनं जुनं चिन्ह पुन्हा अधिकृत केलं. काळं अस्वल, सोनेरी परशू, आणि ढालीवर मोनोमाखचा, म्हणजे जुन्या रशियन राजांचा, फरवाला मुकुट.

आता ही नोट पुन्हा हातात घेतो. तिच्यावरचा पुतळा १९९३ मध्ये उभा राहिला. यारोस्लावच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, आणि गावातले लोक त्याला ‘केकवाला काका’ म्हणतात. खरंच, लांबून बघितलं तर वाढदिवसाला निघाल्यासारखाच दिसतो. परशू मात्र त्याच्याकडे नाही. तो त्याच नोटेवर, अस्वलाच्या खांद्यावर आहे.

नमस्कार.