एकट्याचं घर, कुत्रा आणि भोवतालची वस्ती

मित्रहो, घर घ्यायला निघालेला माणूस आधी घर बघतो. खोल्या किती, उजेड कुठून येतो, हप्ता किती बसेल. भोवतालची वस्ती तो शेवटी बघतो, तीही बहुतेक वेळा गाडीच्या काचेतून. घरात चार माणसं असतील तर हे निभून जातं. वस्तीत जे कमी पडेल ते घरातली माणसं आपापसात भरून काढतात. पण एक माणूस आणि एक कुत्रा एवढाच संसार असेल तर निभत नाही. आज मला सांगायचंय ते हेच. ज्याच्या घरात दुसरं मोठं माणूस नाही, त्याला त्या माणसाची कामं वस्तीकडून करून घ्यावी लागतात. तेव्हा आधी वस्ती पक्की करा, मग तिच्यात परवडेल ते घर शोधा.

कोणती कामं? तुम्हाला सणसणून ताप भरलाय, अंथरुणातून उठवत नाहीये आणि कुत्रा दाराशी जाऊन उभा राहिलाय. त्याला खाली कोणी न्यायचं? मीटिंग लांबली, ट्रेन अडकली, इकडे तो सकाळपासून एकटा आहे. जाऊन दार कोणी उघडायचं? जोडप्याच्या घरात हे एका फोनवर मिटतं. एकट्या माणसाने याची उत्तरं सही करण्याआधीच शोधून ठेवायला हवीत. भाड्याची जागा पसंत पडली नाही तर वर्षभरात सोडता येते, विकत घेतलेली सोडता येत नाही.

साध्या हिशेबाने सुरुवात करू. ब्रिटनमधल्या प्राणिकल्याण संस्थांचा सल्ला असा, की चांगल्या मोठ्या, शिकवलेल्या कुत्र्यालाही सलग चार तासांहून अधिक एकटं ठेवू नये. आता नोकरीचे नऊ तास धरा, जायचा एक, यायचा एक. अकरा झाले. एवढं अंतर भरून काढायचे मार्ग मोजकेच. एक तर घर कामाच्या इतकं जवळ हवं की दुपारी येऊन जाता यावं, नाहीतर मधे दोनदा येऊन त्याला फिरवणारं भरवशाचं माणूस हवं. लांबचं घर स्वस्त मिळतं हे खरं, पण या माणसाचे महिन्याचे पैसे हप्त्यात मिळवून बघा. मग आकडा बराच वेगळा दिसतो. शिवाय असं माणूस त्या वस्तीत मिळणार आहे का, हेही विचारायला हवं. नव्याने उभ्या राहिलेल्या, अर्ध्या रिकाम्या भागात ते सहसा मिळत नाही.

पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ साली ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. रोजच्या गरजा पायी किंवा सायकलवर पंधरा मिनिटांच्या आत भागाव्यात, अशी ती कल्पना. आपल्यासाठी हे वर्तुळ मी आणखी लहान करते. दहा मिनिटं, पायी, हातात पट्टा धरून. सायकल बाद आणि दोन्ही हातांत पिशव्या घेणंही बाद. एवढ्या अंतरात काय काय येतं ते बघा. त्याच्या पलीकडची सुंदर बाग रविवारपुरती असते.

आता फेऱ्यांविषयी. सकाळची फेरी सगळीकडेच छान असते. वस्तीची खरी परीक्षा घेते ती रात्री अकराची. दिवसभराची शेवटची फेरी, आणि ती चुकवता येत नाही, पाऊस असो वा थंडी. शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली रस्त्यावरच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्याकडे लक्ष असलेल्या माणसांमुळे, खिडक्यांतल्या, दुकानांतल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या. पोलीस लागतातच, पण ते या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. हे मला सोळा आणे पटतं. लांबच लांब कुंपणभिंतीचा, एकही दार रस्त्याकडे न उघडणारा भाग दिवसा शांत आणि श्रीमंत वाटतो. रात्री अकराला तिथे तुम्ही, तुमचा कुत्रा आणि दिव्याचा खांब, एवढंच. म्हणून घर पसंत पडलं की रात्री त्या रस्त्याने चालून या. एकटी बाई असेल तर तिने एखाद्या मैत्रिणीला बरोबर घ्यावं आणि दोघींनी नंतर आपापलं मत मोकळेपणाने सांगावं. दिवे किती लागतात, किती बंद आहेत, कोणत्या वळणापलीकडचं दिसत नाही, वाटेत उघडं असं काय आहे, हे सगळं बघून घ्या.

मोकाट कुत्र्यांचाही विचार याच वेळी करा. बँकॉकसारख्या कितीतरी शहरांत रस्त्यावरचे कुत्रे वस्तीचाच भाग आहेत आणि त्यांचेही आपापले इलाखे असतात. तुमचा पट्ट्यातला कुत्रा रोज त्या इलाख्यातून जाणार. ते कुठे बसतात, त्यांना कोण खायला घालतं, त्यांचं लसीकरण आणि नसबंदी कोण बघतं, हे विचारा. ज्या वस्तीत याचं उत्तर पटकन मिळतं, तिथे कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते.

लिफ्टकडे लोक लक्ष देत नाहीत. जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही आत आहात, कुत्रा कोपऱ्यात पायाशी. तळमजल्यावर दार सरकतं आणि समोर हातभर अंतरावर दुसरा कुत्रा, त्याच्यामागे शाळेतून आलेलं पोर. तुमच्या कुत्र्याला मागे जायला जागा नाही, समोरच्याला बाजूला व्हायला जागा नाही. दोन्ही पट्टे एकदम ताणले जातात. ताणलेल्या पट्ट्यावरचा कुत्रा आणखी बिथरतो आणि मालकाला वाटतं की आपला कुत्रा भांडकुदळ आहे. खरं तर चुकलेली असते ती जागा. तेव्हा लिफ्टसमोर बाजूला उभं राहण्याइतकी मोकळी जागा आहे का, जिना रुंद आणि उजेडाचा आहे का, बाहेर पडायला दुसरं दार आहे का, हे बघा. दिवसातून तीन-चारदा, वर्षानुवर्षं तुम्ही तिथूनच जाणार आहात.

मग जमीन. कुत्र्याचं नाक आणि पंजे जमिनीला लागलेले असतात, त्यामुळे वस्तीची जमीन आपल्यापेक्षा त्याला जास्त भोवते. पाणी कुठे साचतं ते पावसानंतर जाऊन बघा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि तो आजार माणसालाही होतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, म्हणून लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लाला बरेच कुत्रे येतात त्या मातीत सोडू नये. उन्हाळ्यात सावली हवी. हवेत जेमतेम २५ अंश असले तरी उन्हातलं डांबर ५० अंशांच्या आसपास तापू शकतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा, सात सेकंद ठेवता आली नाही तर तो रस्ता पंजांसाठीही नाही. झाडांची रांग असलेला साधासा रस्ता मी कुठल्याही दिमाखदार चौकापेक्षा वरचा मानते.

खास कुत्र्यांसाठीच्या बागांचं आकर्षण वाढलंय. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७९ साली अशी एक बाग सुरू झाली, ती या प्रकारातल्या सुरुवातीच्या बागांपैकी. जवळ असली तर आनंदच. पण निव्वळ तिच्यापायी वस्ती ठरवू नका. पुष्कळ कुत्र्यांना अनोळखी घोळका मानवत नाही, आणि अशा कुत्र्याला शांतपणे हुंगत जाता येईल असा रस्ताच पुरतो.

पशुवैद्याचं अंतर मात्र मी मिनिटांत मोजते, तेही रात्रीच्या दोनच्या हिशेबाने. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट कधी कधी एकाएकी फुगतं आणि पीळ घेतं. कुत्रा ओकाऱ्या काढल्यासारखं करतो, पडत काहीच नाही, पोट ढोलासारखं घट्ट होतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो हाती लागत नाही. तीस किलोचा कुत्रा एकट्याने खाली आणायचा, गाडीत घालायचा, गाडीही चालवायची. तेव्हा चोवीस तास उघडा दवाखाना कुठे आहे, तिथवर रात्री न्यायला भाड्याची गाडी कुत्रा घेते का, आणि इमारतीत उचलायला हात लावेल असं कोण आहे, ही तीनही उत्तरं हवीत.

आणि आता मुख्य गोष्ट. वेळेला हात देणारी ही माणसं वस्तीत आहेत की नाहीत, हे घर घेण्याआधी कसं कळायचं? सकाळी त्या वस्तीत जा, कुत्रा फिरवणारं कोणी भेटलं की थांबा, दोन शब्द बोला आणि विचारा, ‘तुम्ही बाहेरगावी जाता तेव्हा हा कुठे राहतो?’ या प्रश्नाइतकं सांगणारं दुसरं काही नाही. कुणी म्हणेल, ‘वरच्या मजल्यावरच्या काकू ठेवून घेतात.’ कुणी म्हणेल, ‘आम्ही तिघंजण आळीपाळीने बघतो, एकमेकांच्या किल्ल्या आहेत आमच्याकडे.’ आणि कुणी म्हणेल, ‘काय करणार, शहराच्या त्या टोकाला बोर्डिंगमध्ये ठेवतो.’ चार-पाच जणांकडून शेवटचंच उत्तर आलं, तर वस्ती कितीही देखणी असो, एकट्या माणसाला ती जड जाणार. किल्ल्यांची देवघेव जिथे चालते, तिथे नवा माणूसही लवकर सामावतो. कुत्रा त्यात मदतच करतो. ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि अमेरिकेतली सॅन दिएगो, पोर्टलंड, नॅशव्हिल या शहरांत केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरात प्राणी असलेल्यांची आजूबाजूच्या माणसांशी ओळख होण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं.

कुत्रा आधीच असेल तर त्यालाही घेऊन जा. घाई करू नका, त्याला हुंगू द्या, मग त्याचा आवडता खाऊ पुढे करा. एरवी हातातून ओढून घेणारा कुत्रा खाऊकडे बघतही नसेल, शेपूट पायांत असेल, उगाच जांभया देत असेल, तर त्या जागेत त्याला काहीतरी खुपतंय. बहुधा आवाज. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वारी पुन्हा नेऊन बघा. दोन्ही वेळा तसंच झालं तर त्याचं ऐका.

नियमांविषयी थोडक्यात. देशागणिक कायदा वेगळा. सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माणातल्या सदनिकांत साधारणपणे मान्यता दिलेल्या जातीचा एकच कुत्रा चालतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने २०२० साली इमारतीने घातलेली सरसकट प्राणिबंदी अवैध ठरवली. तेव्हा ‘इथे कुत्रे आहेत की’ या तोंडी भरवशावर जाऊ नका. नियमावली लेखी मागा, वजनाची आणि लिफ्टची अट वाचा, आणि मालकांच्या मागच्या सभांची इतिवृत्तं मिळाली तर तीही वाचा. नियमापेक्षा कुरबुर तिथे आधी दिसते.

एक गोष्ट मनाला लागते, तरी बोलायला हवी. कर्ज वीस-वीस वर्षांचं असतं. कुत्र्याचं आयुष्य बहुधा दहा ते तेरा वर्षांचं, मोठ्या जातींचं त्याहून कमी. म्हणजे या घरात तुम्ही त्याचं म्हातारपण काढणार आहात, त्याला पायऱ्या चढवेनाशा होतील ते दिवसही. रॅम्प, लिफ्ट, दाराजवळचा मातीचा तुकडा यांची किंमत तेव्हा कळते. आणि या गोष्टी तुम्हालाही पुढे लागणारच आहेत. कुत्र्याकडे बघून निवडलेली वस्ती एकट्या माणसाच्या उतारवयालाही चालते, म्हणून त्याच्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही.

श्रोत्यांमधून दोन प्रश्न आलेत.

पहिला, चांगल्या वस्तीत लहान घर घ्यावं की जरा लांब मोठं? माझं उत्तर लहान घर. मोठा झालेला कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो. घरात त्याला पसरायला कोपरा लागतो आणि तुमचा सहवास. बाकी सगळं त्याला बाहेर मिळतं.

दुसरा, आधी घर की आधी कुत्रा? पिल्लू आणायचं असेल तर आधी घर. पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचे दिवस जगाची ओळख होण्याचे असतात. त्याच दिवसांत लसीही चालू असतात. त्यात सामान बांधणं, रंगकाम, नवी जागा हे सगळं घालू नका. किल्ली मिळाल्यावर महिना-दोन महिने एकट्याने राहा, रात्रीची फेरी कुत्र्याशिवायच मारत जा, आणि ज्यांच्याकडे किल्ली ठेवता येईल अशी दोन माणसं झाली की पिल्लू आणा.