दाढेच्या मुळाशी काचेचा रवा

छोट्या वाटीत अर्धा ग्रॅम पांढरे दाणे, जाडसर रव्यासारखे. डॉक्टर त्यात पेशंटचंच थोडं रक्त मिसळतात. दाणे लाल होतात, ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरून बसतात.

हिरडी उघडलेली आहे. दाढेच्या मुळाशेजारचं हाड पायोरियानं पोखरलंय. आधी मुळावरचं कीटण खरवडायचं. काम कंटाळवाणं, पण ते नीट झालं नाही तर पुढचं सगळं फुकट. मग दाणे भरायचे, हलक्या हातानं. ठासले तर रक्तवाहिन्या शिरणार कुठून?

हे दाणे चक्क काचेचे आहेत. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच हे संशोधक बसनं एका परिषदेला निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी. त्यानं विचारलं, शरीर झिडकारणार नाही असं काही बनवता येईल का? दोन वर्षांनी फ्लोरिडात ‘बायोग्लास’ तयार झाली. ४५ टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची ऑक्साइडं. उंदराच्या मांडीच्या हाडात तुकडा बसवला. सहा आठवड्यांनी तो ओढूनही निघेना.

शरीरातल्या द्रवात या काचेचा पृष्ठभाग विरघळू लागतो आणि त्यावर हाडातल्या खनिजासारखाच थर धरतो. हाड तयार करणाऱ्या पेशी त्या थरावर येऊन बसतात. खिडकीच्या काचेला हे जमत नाही. तिच्यात सिलिका फार.

अडचण हिरडीची आहे. तिची त्वचा भराभर वाढते, हाड सावकाश. त्वचा मुळालगत आधी खाली उतरली, की हाडाला जागाच उरत नाही. म्हणून कधीकधी मध्ये पातळ पडदा ठेवतात. खड्ड्याच्या तीन बाजूंना हाड शाबूत असेल तर उत्तम. एकच बाजू उरली असेल, तर दाणेसुद्धा टिकत नाहीत.

सहा महिन्यांनी एक्स-रे. खड्डा पांढराशुभ्र. पेशंट खूश! पण दाणे मुळातच एक्स-रेत पांढरे दिसतात. भरले त्या दिवशीही असेच दिसले असते. सूक्ष्मदर्शकाखाली नवं हाड बहुधा तळाशी, जुन्या हाडाला लागून सापडतं. वरचे दाणे पुष्कळदा नुसत्या तंतूंच्या वेढ्यात असतात.

डॉक्टर एक्स-रे बाजूला ठेवतात. खुणा कोरलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सरकवतात. ऑपरेशनआधी ती आठ मिलिमीटर आत जायची. आज चारवर थांबते.