अर्धाच दिसणारा आकडा

(दृश्य: जेवणाचं टेबल. गोळ्यांचा डबा, शेजारी लॅबचा रिपोर्ट.)

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासायला रक्तात मोजतात तो आकडा: २.६. बाजूला छापलंय, ४ पर्यंत नॉर्मल. आजोबांचा रिपोर्ट फाइलला लागतो, घरातली सगळी निर्धास्त होतात. गोळ्यांच्या डब्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली ही कॅप्सूल. आत दोन औषधं आहेत. टॅमसुलोसिन लघवीच्या वाटेवरचे स्नायू सैल करतं, त्यानं पीएसए हलत नाही. दुसरं ड्युटास्टेराइड. ते, आणि त्याच जातीचं फिनास्टेराइड, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथीच, आकसवतं.

(दृश्य: जगाचा नकाशा, कॅरिबियन समुद्र.)

या औषधांचं मूळ डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावाशी जोडलेलं आहे. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी हे जास्त प्रभावी रूप करणारं एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली. तेच एन्झाइम औषधानं अडवायचं, अशी ही कल्पना. फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली.

पण पीएसए तयार होतं ते याच ग्रंथीत. डीएचटी घटलं की तेही घटतं. सहा महिने ते वर्षभरात आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणून डॉक्टर तो दुप्पट करून वाचतात. आजोबांचे २.६ म्हणजे ५.२.

केस गळतात म्हणून १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्यांचाही पीएसए असाच उतरतो. अनेकांना ती 'केसांची गोळी' वाटते, म्हणून डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

हे सांगणं किती गरजेचं आहे! अमेरिकेतल्या माजी सैनिकांमधल्या ८० हजारांहून अधिक प्रोस्टेट कॅन्सर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए पहिल्यांदा वाढल्यापासून निदान व्हायला इतरांना सुमारे १.४ वर्षं लागली. या गोळ्या घेणाऱ्यांना, आकडा दुरुस्त करून मोजल्यावरही, ३.६ वर्षं.

(दृश्य: जुने रिपोर्ट तारखेनुसार मांडणारे हात.)

गोळी आपल्या मनानं बंद करू नका. तिचं नाव आणि ती कधीपासून चालू आहे, ते लॅबच्या फॉर्मवर लिहा. जुने रिपोर्टही सोबत न्या, कारण गोळी चालू असताना पीएसए तळाशी जाऊन पुन्हा वर चढू लागला, तर ४ च्या आत असूनही तपास लागतो.

आजोबांचा मागच्या वर्षीचा आकडा होता १.४. आता २.६. युरॉलॉजिस्टनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलंय, आणि त्यानंतर एमआरआय.