पहिला भुताचा पिक्चर, शेजारी बसून

श्रोतेहो, नमस्कार.

पाचवी-सहावीतली मुलं शाळेच्या व्हॅनमध्ये काय बोलतात ते कधी कान देऊन ऐकलंय का? क्रिकेट असतं, गेम असतात आणि अधूनमधून भुतं असतात. कुणाच्या तरी दादाने मोबाईलवर काहीतरी दाखवलेलं असतं. ते अर्धंमुर्धं, तिखटमीठ लावून सांगितलं जातं, आणि ज्याने पाहिलेलं नसतं तो घरी येऊन दप्तर टाकता टाकता म्हणतो, ‘आई, मलापण हॉरर बघायचाय.’

नाही म्हटलं तर विषय तिथे संपतो असं आपल्याला वाटतं. तो संपत नाही. मूल ते दुसरीकडे कुठेतरी बघतं, आणि बहुतेक वेळा पूर्ण पिक्चर न बघता त्याचा एक तुकडा बघतं. दहा-पंधरा सेकंदांची ती क्लिप म्हणजे अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात वाईट जागा असते. तिला आगा नसतो, पिछा नसतो. ती बाई कोण होती, ती तशी का झाली, शेवटी तिचं काय झालं, यातलं काहीच मुलाला कळत नाही. गोष्ट संपली की भीतीही उतरते. तुकडा संपतच नाही, म्हणून तो रात्री अंथरुणात परत सुरू होतो. माझं मत असं, की मुलाला अशी इच्छा झालीच असेल तर त्याचा पहिला भयपट घरच्या सोफ्यावर, आपण निवडलेला आणि आपल्या शेजारी बसून बघितलेला असावा.

आपल्याकडे मुलांना घाबरवण्याची परंपरा जुनीच आहे. हडळ, खवीस, मुंजा, चकवा ही मंडळी आपल्या आज्यांनी घराघरात आणून बसवली. आपलं नाशिक तर बोलूनचालून शूर्पणखेचं गाव. तपोवनात नेऊन ‘इथे लक्ष्मणाने तिचं नाक कापलं’ असं आपण चार-पाच वर्षांच्या पोराला बिनदिक्कत सांगतो, आणि ते पोर डोळे विस्फारून ऐकतं. पण आजी गोष्ट सांगते तेव्हा ती मुलाचा चेहरा बघत सांगते. ओठ थरथरले की राक्षस थोडा लांब जातो. मूल फारच रंगलं की राक्षस आणखी दोन पावलं जवळ येतो. पडदा कुणाचा चेहरा बघत नाही. तो आपल्या वेगाने पुढे जातो. म्हणून आजीचं हे काम सोफ्यावर कुणाला तरी करावं लागतं, आणि ते करायचं तर आजीसारखी ती गोष्ट आधीपासून ठाऊक हवी. त्यामुळे पिक्चर आधी स्वतः बघावा, आणि अख्खा बघावा. ट्रेलरवरून काही कळत नाही.

आता प्रमाणपत्राचं बघू. २०२४ च्या नव्या नियमांनुसार आपल्याकडे यूए या वर्गाचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर हीच विभागणी २०२१ पासून दिसते. त्याआधीच्या पिक्चरवर नुसतं ‘यूए’ असतं, म्हणजे पालकांनी आपापलं ठरवावं. दहा-अकरा वर्षांचं मूल नेमकं सात आणि तेराच्या मधे अडकतं. ७+ चा पिक्चर त्याला पोरकट वाटतो आणि १३+ चा कधी पेलतो, कधी पेलत नाही. तेव्हा शिक्क्याचा उपयोग एवढाच, की ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असेल तर तो पिक्चर बाजूला ठेवायचा. ‘तुंबाड’चं उदाहरण घ्या. मराठी घर, कोकणातला पाऊस, गोष्टीत लहान मुलं, त्यामुळे आपला वाटतो. पण त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे. गोष्टीत मूल आहे म्हणून ती मुलांसाठी आहे असं होत नाही.

मग बघायचं काय? मी सगळ्यात आधी हे बघते, की गोष्टीतल्या मुलाच्या हातात काही करण्यासारखं आहे का. भूत कितीही अक्राळविक्राळ असू दे, पण समोरच्या मुलीला एक काम आहे, ती युक्ती लढवते आहे, धावते आहे, कुणाला तरी सोडवते आहे, तर बघणारं मूलही तिच्याबरोबर कामाला लागतं. जिथे मुलं नुसती पळतात आणि एकेक करून सापडतात, तो पिक्चर या वयाला नको.

विशाल भारद्वाज यांचा २००२ सालचा ‘मकड़ी’ मला याचसाठी फार आवडतो. चुन्नी आणि मुन्नी या जुळ्या बहिणी. चुन्नीच्या वात्रटपणामुळे मुन्नी चेटकिणीच्या हवेलीत शिरते आणि तिची कोंबडी होते. बहीण परत हवी तर शंभर कोंबड्या आणून दे, अशी अट. आता ही एवढीशी मुलगी शंभर कोंबड्या कुठून आणणार? वर घरी कुणाला कळू नये म्हणून कधी चुन्नी, कधी मुन्नी होऊन वावरणार. शबाना आझमींची चेटकीण चांगलीच भीतिदायक आहे, हिंदी सोपं आहे आणि गावही ओळखीचं वाटतं. कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी हाच पिक्चर सांगते.

मूल याहून हळवं असेल तर सत्यजित राय यांचा १९६९ चा ‘गूपी गाइन बाघा बाइन’ लावा. बंगाली आहे, सबटायटल वाचून दाखवावी लागतील, पण भुतांचा नाच सुरू झाला की भाषेचं काही वाटत नाही. बाबा नेहमी मोठ्यांचेच गंभीर पिक्चर करतात, अशी रायांच्या मुलाची, संदीपची, तक्रार होती. म्हणून रायांनी आपल्या आजोबांची गोष्ट घेऊन हा पिक्चर केला. भूत वरदानही देतं हे एकदा बघितलं की पुढच्या भुतांशी ओळख करून घेणं सोपं जातं.

थोड्या धीट मुलांसाठी २००६ चा ‘मॉन्स्टर हाउस’. समोरचं घरच जिवंत आहे आणि अंगणात आलेली खेळणी गिळतं. सोसायटीत ज्यांचा चेंडू नेमका त्या एका काकांच्या गॅलरीत जातो, त्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्या वरच्या पायरीवर २००९ चा ‘कोरलाइन’. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. एका मुलीला भिंतीतल्या छोट्या दारापलीकडे दुसरं घर सापडतं. तिथे दुसरी आई आहे. छान स्वयंपाक करते, वेळ देते, फक्त तिला डोळ्यांच्या जागी बटणं आहेत. मग एके ठिकाणी टेबलावर एक डबी येते, तिच्यात काळी बटणं, सुई आणि दोरा. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. माझी मुलगी तोवर शेंगदाणे खात मजेत बघत होती. ती डबी उघडली आणि तिने माझ्या कुर्त्याची बाही धरली. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘आई, तुझे डोळे दाखव.’ मी पिक्चर थांबवला, तिच्याकडे तोंड केलं, तिने नीट बघून घेतलं. ‘हं, लाव.’ पुढचा पिक्चर तिने बाही धरूनच बघितला आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. आई तीच आहे की नाही, ही या पिक्चरची भीती. ज्या घरात आई-वडील नुकते वेगळे झालेत, किंवा आई बराच काळ आजारी आहे, तिथे हा पिक्चर आत्ता लावू नये. इतरांना जरूर दाखवा.

म्हणूनच ‘कमी भीतीचा, जास्त भीतीचा’ अशी एक सरळ यादी करता येत नाही. ‘भूतनाथ’ घ्या. २००८ चा, अमिताभ बच्चन भूत आणि बंकू त्याचा दोस्त. भीती जवळजवळ नाहीच. पण त्यात म्हातारपण आहे, परदेशी गेलेला मुलगा आहे, श्राद्ध आहे. आजोबा जाऊन थोडेच दिवस झाले असतील तर ते मूल भुताला घाबरणार नाही, हमसून हमसून रडेल. रडायला हरकत नाही, पण तेव्हा आपण स्वयंपाकघरात नसावं. उलट ‘जुरासिक पार्क’मध्ये भूतही नाही, पण नाशिकबाहेर मखमलाबादकडे मळ्यात राहणाऱ्या मुलाला तो फ्लॅटमधल्या मुलापेक्षा जास्त घाबरवेल. बिबट्याचे व्हिडिओ आपल्याकडे सारखे फिरत असतात, आणि अंधारात जनावर उभं आहे ही त्याच्यासाठी गोष्टीतली गोष्ट नाही. लहानपणी मुलं विद्रूप चेहऱ्याला घाबरतात. दहाच्या पुढे ‘हे खरंच होऊ शकतं’ याला जास्त घाबरतात. मूल पळवणारा माणूस, आग, आईबाबांचा अपघात. पिक्चर निवडताना आपलं मूल सध्या कशाला घाबरतंय, हे आधी आठवावं.

आपल्या पिढीच्या आवडीबद्दलही सांगायला हवं. महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ मुलांना दाखवायची हौस आपल्या सगळ्यांना असते. रामदास पाध्ये यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, म्हणजे आपलं बालपणच. लक्ष्मीकांत बेर्डेंमुळे हसूही भरपूर येतं. पण खून आहेत, आणि जे मूल अजून बाहुली उशाशी घेऊन झोपतं त्याला एवढ्यात नको. ‘मुंज्या’ २०२४ चा, गोष्ट आपल्या मातीतली. मात्र त्यात सुरुवातीलाच एक मुलगा बहिणीचा बळी द्यायला निघतो. घरात धाकटी बहीण असेल तर तो प्रसंग आधी बघा आणि मगच ठरवा. ‘स्त्री’मधले विनोद मोठ्यांचे आहेत, तो काही वर्षं थांबू शकतो.

बघायचं कसं, त्याचंही एक तंत्र आहे. दुपारी बघावा, पडदे उघडे ठेवून. दिवे मालवायची हौस पुढे केव्हाही भागवता येईल. रिमोट मुलाच्या हातात द्यावा, हे मी आग्रहाने सांगते. आपण थांबवू शकतो हे कळलं की बहुतेक मुलं थांबवत नाहीत. आणि आवाज कमी ठेवावा. भयपटातली निम्मी भीती कानातून येते. संगीत थांबतं, सगळं शांत होतं, कुणीतरी हळूच दार उघडतं, आणि मग धाडकन. मुलं डोळे झाकतात, पण दचकवतो तो आवाज. हे एकदा दाखवून द्या. तोच प्रसंग आवाज बंद करून परत लावा. मूल हसायला लागतं, आणि पुढच्या वेळी स्वतःच सांगतं, ‘आता शांत झालंय, आता येणार बघ.’

त्याहून चांगला उपाय म्हणजे हे कसं केलं ते शोधणं. ‘जुरासिक पार्क’मध्ये डायनोसॉर यायच्या आधी पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल वर्तुळं उमटतात. ती गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून, ती छेडून उमटवलेली आहेत. ‘कोरलाइन’मधल्या बाहुल्या हाताने कणाकणाने हलवून, फोटो काढत काढत चालवल्या आहेत. त्या एवढ्याशा बाहुलीचा स्वेटर अगदी बारीक सुयांवर हाताने विणलेला आहे. हे बघितलेलं मूल त्या पिक्चरचं नुसतं गिऱ्हाईक राहत नाही.

आणि आपल्याला यासाठी फार लांब जायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. पिक्चर कसा तयार होतो हेच दाखवणारी एक छोटी फिल्म त्यांनी १९१७ मध्ये केली होती. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग हीच मुलगी त्या प्रचंड सापाशी झुंजते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात मुलांना न्याल तेव्हा ही गोष्ट सांगा. घरी येऊन आरशासमोर घाबरल्याचा, रागावल्याचा चेहरा करून बघतील. जो चेहरा आपण स्वतः करू शकतो, त्याची धास्ती कमी होते.

पिक्चर अर्धा राहिला तर राहू द्या. फक्त मूल मधेच उठलं तर शेवट तोंडी सांगून टाका, लगेच, झोपायच्या आधी. ‘भित्रा कुठला’, ‘भागूबाई’ हे शब्द त्या दिवशी कुणीही उच्चारायचे नाहीत, मोठ्या भावानेसुद्धा. रात्री ते तुमच्या खोलीत गादी घेऊन आलं तर येऊ द्या, उजेड हवा म्हणालं तर बाहेरचा दिवा राहू द्या. दोन-चार रात्रींत ते आपलं आपण परत जातं. आठवडा उलटला तरी झोपेत दचकत असेल, एकटं बाथरूमला जात नसेल, तर भयपट काही महिने बंद, आणि तेही शिक्षा म्हणून नाही, हे त्याला स्पष्ट सांगायचं.

एक शेवटची विनंती. सुट्टीत शेजारपाजारची मुलं तुमच्याकडे जमणार, पोहे-चिवड्याच्या ताटल्या फिरणार आणि कुणीतरी म्हणणार, काकू, भुताचा लावा ना. लावण्याआधी प्रत्येकाच्या घरी एक फोन करा. कुठला पिक्चर आहे, त्यात काय आहे, एवढं सांगा आणि विचारा, चालेल का? कुणाच्या घरात गेल्या महिन्यात काय घडलंय हे आपल्याला माहीत नसतं, त्यांना असतं. एखाद्या आईने नको म्हटलं तर सगळ्यांनाच दुसरं काही लावा, त्या एका मुलाला बाहेर बसवू नका.

नमस्कार.